उंबरठ्याच्या आतला ओव्हरटाइम

१९४८ साली मध्य प्रांत व वऱ्हाडात बिडीवर एक कायदा झाला. शेतीच्या हंगामात अमुक गावांतल्या कोणीही बिडी बांधू नये आणि कोणत्याही कारखानदाराने त्या गावांतल्या माणसाला बिडीच्या कामाला लावू नये, असा हुकूम डेप्युटी कमिशनरला काढता येईल, अशी त्यात तरतूद होती. हंगाम कोणता आणि गावं कोणती, हेही साहेबांनीच ठरवायचं. बिडी ओढण्याबद्दल या कायद्याची काही तक्रार नव्हती. शेतीला माणसं मिळत नाहीत, हे त्याचं दुखणं होतं.

भंडारा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता आणि गोंदिया भंडाऱ्यातच होता. तो वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. हा सगळा मुलूख धानाचा. मालगुजारी तलावांच्या, इथल्या बोलीत मामा तलावांच्या, पाण्यावर पोसलेल्या बांध्यांमध्ये पऱ्हे लावायचे दिवस आले की गावातली प्रत्येक बाई रोवणीला हवी असते. त्याच बाईच्या मांडीवर एरवी बिडीचं सूप असायचं. दिवसभर चिखलात वाकून मिळणारी रोजी आणि ओसरीत बसून, पाऊस चुकवून मिळणारी मजुरी यांत तिने दुसरी निवडली, तर शेतमालक चिडणारच. १९४८चा कायदा म्हणजे ती चिडचिड राजपत्रात छापलेली होती.

घरी बसून काम करणाऱ्याच्या वेळेवर हक्क कोणाचा, हा प्रश्न करोनाच्या काळात संगणकवाल्यांना पडला. भंडारा ज्या प्रांतात होता तिथे तो त्याच्या सत्तर वर्षं आधी कोर्टात उभा होता. आणि त्यातला एक पोटप्रश्न, जादा कामाच्या जादा मजुरीचा, अजूनही सुटलेला नाही.

बिडी इथे आली ती रेल्वेच्या मागोमाग. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत नागपूरहून पूर्वेला लोहमार्ग गेला, पुढे तो बंगाल नागपूर रेल्वेने घेतला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून जबलपूरकडे छोटी गाडी निघाली. गोंदिया हे नाव त्यामुळे नकाशावर ठळक झालं. १८९९च्या दुष्काळाने उठवलेली गुजराती कुटुंबं या मार्गांच्या आसपास कामधंदा शोधत आली. मोहनलाल आणि हरगोविंददास पटेल यांनी जबलपूरला बिडीचा व्यापार उभा केला तो याच काळात. इथल्या जंगलात तेंदू मुबलक होता, गुजरातेतल्या चरोतरातून आणि निपाणीहून तंबाखू गाडीने येऊ शकत होता, आणि पावसाळ्यानंतर रिकामे होणारे हात गावोगावी होते. गोंदियात पुढे छोटाभाई जेठाभाई पटेल यांच्या नावाची पेढी वाढली. नडियादहून आलेले मनोहरभाई पटेल या धंद्यात मोठे झाले, आमदार झाले, आणि १९५८मध्ये त्यांनी गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली. पूर्व विदर्भातल्या कितीतरी शाळा-कॉलेजांच्या पायात बिडीचा पैसा आहे.

या धंद्याला यंत्र लागत नाही, ही त्याची खरी गोम. पानं रात्री भिजवायची, सकाळी फर्मा ठेवून कात्रीने कापायची, सुपात तंबाखू घेऊन पान भरायचं, गुंडाळायचं, दोऱ्याने बांधायचं, तोंड दुमडायचं. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार. शेकणं आणि लेबल लावणं तेवढं कारखान्यात. मधलं सगळं कुठेही होऊ शकतं आणि कुठेही होऊ शकणारं काम मालक जिथे स्वस्त पडेल तिथेच नेतो. म्हणून बिडीत सुरुवातीपासून दोन रीती चालत आल्या: कारखान्यात बसून बांधणं आणि घरखात्यावर बांधणं. दोन्हींच्या मधे सट्टेदार. तो पेढीकडून पान-तंबाखू उचलतो, गावात वाटतो, तयार माल गोळा करून पोचवतो, आणि हजारामागे आपलं कमिशन घेतो.

कायद्याची नजर आधी कारखान्याकडे गेली. मजुरांच्या स्थितीवर नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१च्या अहवालात बिडीसारख्या अनियंत्रित कारखान्यांबद्दल जे लिहिलं ते आजही वाचवत नाही: पाच-पाच वर्षांची मुलं, दहा-बारा तास काम, हातावर दोन आणे. त्यानंतर मुलांची मजुरी गहाण टाकण्यावर १९३३मध्ये बंदी आली, मध्य प्रांताने १९३७मध्ये अनियंत्रित कारखान्यांचा स्वतंत्र कायदा केला, आणि १९३८च्या बालमजुरी कायद्याच्या यादीत बिडीचं नाव गेलं. मात्र मालक आपल्याच कुटुंबाच्या मदतीने काम करत असेल, तर त्या जागेला सूट होती. ही सूट लहानशी दिसते. पुढची सगळी गोष्ट तिच्यातूनच निघते.

कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना हे बहुधा लवकर कळलं होतं. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे म्हणून ते ओळखले जातात, पण तिशीच्या दशकात नागपूर-कामठी भागातल्या बिडी कामगारांना संघटित करण्याचं कामही त्यांचंच. ठेकेदाराला वगळून सहकारी तत्त्वावर बिडी काढावी, असा प्रयत्न त्यांनी केला. १९३९मध्ये, पस्तिशीच्या आतबाहेर असताना, ते क्षयाने गेले.

जादा कामाला दुप्पट दाम हा नियम भारतात आला १९४६मध्ये. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेल्या सुधारणेने बारमाही कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणला आणि त्यावरच्या कामाला दुप्पट मजुरी ठरवली. दोनच वर्षांनी, १९४८च्या कारखाने अधिनियमात, ५९व्या कलमात तो नियम पक्का बसला. भंडाऱ्याशी बाबासाहेबांचा संबंध त्यानंतर आला. १९५४च्या मे महिन्यात इथल्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीत ते राखीव जागेवर उभे राहिले आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. त्याच वेळी सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले. अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा आणणाऱ्या माणसाला जिथे मतं कमी पडली, त्या मतदारसंघात हजारो मतदारांना तासांचा हिशेबच माहीत नव्हता. त्यांची मजुरी हजारी, म्हणजे हजार बिड्यांमागे, होती. पराभवाचं कारण ते नव्हे. त्याची कारणं पक्षांच्या आणि जातींच्या गणितात आहेत. पण योगायोग नजरेत भरण्यासारखा आहे.

१९४८ साल मजेदार आहे. त्या एकाच वर्षी देशाला कारखाने अधिनियम मिळाला, किमान वेतन अधिनियम मिळाला, आणि मध्य प्रांताला बिडीबंदीचा तो कायदा मिळाला. कारखाने अधिनियमाने दुप्पट दर दिला, पण कारखान्यातल्या 'कामगारा'ला. किमान वेतन अधिनियमाने तंबाखू आणि बिडीचं काम आपल्या परिशिष्टात घेतलं आणि ओव्हरटाइमही दिला, पण ज्याचं किमान वेतन तासावर, दिवसावर किंवा त्याहून मोठ्या मुदतीवर ठरलं आहे त्याला. नगावर काम करणारा त्या वाक्यात नाही. आणि बिडीबंदीच्या कायद्याने तर ती बाई काम करते हेच मुळात अडचणीचं ठरवलं. तिन्ही कायदे एकापुढे एक ठेवले, तर घरी बिडी बांधणारीच्या वेळेची राज्याने दखल घेतली ती एकदाच, तो वेळ शेतमालकाला हवा होता तेव्हा.

हा तिसरा कायदा फार टिकला नाही. सागरच्या डेप्युटी कमिशनरने १३ जून १९५० रोजी हुकूम काढला: १ जुलै ते ३० सप्टेंबर ठरावीक गावांत बिडी बंद. एक बिडी कारखानदार आणि एक बिडी कामगार सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्यघटना लागू होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. चिंतामण राव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्याचा निकाल नोव्हेंबर १९५०मध्ये न्या. मेहरचंद महाजन यांनी लिहिला. शेतीला मजूर हवेत हा हेतू ठीक, पण ही बंदी हेतूच्या फार पलीकडे जाते, असं न्यायालयाने म्हटलं. शेतात काम करूच न शकणारे म्हातारे, अपंग, मुलं हेही तिच्यात भरडले जातात. दोन पैसे मिळवायचं त्यांचं साधनच ती काढून घेते. व्यवसायाच्या स्वातंत्र्यावरचं हे अवाजवी बंधन ठरलं. घटनेच्या १९व्या कलमाचा अभ्यास करणारा प्रत्येक वकील आजही हा निकाल वाचतो. तो बिडीचा होता हे मात्र बऱ्याच जणांच्या ध्यानात राहत नाही.

पंचाहत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या सागरच्या या खटल्याला एक अमेरिकन थोरला भाऊ आहे. न्यूयॉर्कच्या चाळींमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्थलांतरित कुटुंबं राहत्या खोल्यांतच चिरूट वळत. चिरूट कामगारांच्या संघटनेचे पुढारी सॅम्युअल गॉम्पर्स यांनी तरुण आमदार थिओडोर रूझवेल्ट यांना त्या खोल्या दाखवल्या, आणि १८८४मध्ये चाळीत चिरूट वळण्यावर बंदीचा कायदा झाला. १८८५मध्ये जेकब्स खटल्यात न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने तो रद्द केला. आपल्या घरात आपला धंदा करण्याचं माणसाचं स्वातंत्र्य सरकारला हिरावता येणार नाही, हे कारण. दोन्ही निकालांत स्वातंत्र्याचा विजय झाला, आणि दोन्हींनंतर घर हे कारखान्याचं स्वस्त दालन म्हणून निर्धास्त चालू राहिलं. यात न्यायाधीशांचा दोष काढणं बरोबर नाही. त्यांच्यापुढे प्रश्न बंदीचा होता. पण बंदी उठली की मजुरी, तास, सुट्टी यांचं काय, हे विचारणारं तिथे कोणी नव्हतं.

मग पंधरा वर्षं कोर्टात एकाच गोष्टीचा कीस पडला: बिडीवाला कामगार आहे का? १९५८मध्ये सागरच्याच एका पेढीच्या प्रकरणात सट्टेदार आणि त्यांची माणसं कारखान्याचे कामगार नाहीत, असं ठरलं. १९६१मध्ये नागपूरच्या एका बिडी कारखान्याचं प्रकरण आलं, बिर्धीचंद शर्मा यांच्या नावाचं. तिथले कामगार नगावर काम करत, सकाळी केव्हाही येत. पण दुपार टळल्यावर आलं तर काम मिळत नसे आणि नापास बिडी परत केली जाई. न्या. वांच्छू यांनी त्यांना कामगार मानलं आणि पगारी रजा दिली. त्यापाठोपाठ सिन्नरचं शंकर बालाजी वाजे प्रकरण. तिथेही कारखाना, तिथेही नगावर काम, तिथेही रजेचाच वाद; पण माणूस हवा तेव्हा येतो, हवा तेव्हा जातो, यायलाच हवं असंही नाही, म्हणून बहुमताने तो कामगार नाही ठरला. न्या. सुब्बा राव यांनी विरोधी मत नोंदवलं. नागपूरचा बिडीवाला कामगार आणि सिन्नरचा नाही! छताखाली बसलेल्याची ही गत, तर घरखात्यावरच्या बाईने कोणत्या दारात जायचं?

या गोंधळाचा फायदा कोणाला झाला ते सांगायला नको. कारखान्यात माणसं जास्त झाली की कायदा लागतो, म्हणून कारखाने तुकड्या-तुकड्यांत वाटले गेले. एका राज्याने कडक नियम केले की धंदा शेजारच्या राज्यात सरकला. भंडाऱ्याची गंमत अशी की इथे जिल्हाच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सरकत होता: आधी मध्य प्रांत व वऱ्हाड, १९५०पासून मध्य प्रदेश, १९५६पासून मुंबई राज्य, १९६०पासून महाराष्ट्र. उत्तरेला बालाघाट मात्र मध्य प्रदेशात राहिलं. बिडीचं सामान बैलगाडीत मावतं. सीमेच्या अलीकडे दर वाढला तर पलीकडे जायला कितीसा वेळ लागतो?

केंद्र सरकारने अखेर १९६६मध्ये बिडी आणि सिगार कामगार (रोजगाराच्या अटी) अधिनियम केला. त्याच्या उद्दिष्टांच्या निवेदनात ही सगळी लबाडी सरळ लिहिली होती: ठेकेदारामार्फत आणि घरोघरी वाटून काम होतं, मालक-नोकराचं नातं नीट ठरलेलं नाही, धंदा नियम नसलेल्या भागांत पळतो. आणि मग या कायद्याने एक मोठी गोष्ट केली. ज्याला मालक किंवा ठेकेदार घरी बिडी करायला कच्चा माल देतो, तो 'घरकामगार' म्हणजे नोकरदारच, असं त्याने व्याख्येत लिहून टाकलं. घरी बसून काम करणाऱ्याला इतक्या स्वच्छ शब्दांत नोकर मानणारे केंद्रीय कायदे भारतात विरळाच.

पगारी रजा घरकामगाराला मिळाली. प्रसूतीचे लाभ मिळाले. मालकाने विनाकारण माल नापास केला तर दाद मागायची सोय झाली, आणि महाराष्ट्राच्या नियमांनी छाटीला, म्हणजे नापास बिडीला, साधारणपणे शेकडा पाचाची मर्यादा घातली. रजेचा पगार काढायचा तर 'दिवस' म्हणजे काय हे सांगणं भाग होतं; कायद्याने सांगितलं की घरकामगाराचा दिवस म्हणजे मध्यरात्रीपासूनच्या चोवीस तासांत ज्या कोणत्या काळात त्याने बिडी केली तो. चोवीस तासांतला कुठलाही काळ! रजेसाठी ही व्याख्या उदार आहे. पण तीच वाचताना कळतं की घरातल्या दिवसाला कायद्याच्या लेखी सुरुवातही नाही आणि शेवटही नाही.

कारण कामाच्या तासांची कलमं वेगळ्या शब्दावर उभी होती. १७वं कलम: 'औद्योगिक जागेत' दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम नाही, ओव्हरटाइम धरून दिवसाला दहा, आठवड्याला ५४. १८वं कलम: 'औद्योगिक जागेत' जादा काम केलं तर दुप्पट मजुरी. बायकांना सकाळी सहाच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर काम नको, तेही 'औद्योगिक जागेत'. मुलांना बंदी, तीही 'औद्योगिक जागेत'. आणि औद्योगिक जागा म्हणजे काय? व्याख्येत कंसात सहा इंग्रजी शब्द होते, त्यांचा अर्थ: खासगी राहतं घर सोडून.

संपलं. माणूस कायद्याच्या आत आला, त्याची ओसरी बाहेर राहिली. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोलीच्या गावांतली जी बाई रात्री दिव्याखाली उद्याची पानं कापत बसते, ती कायद्याने नोकर आहे, पण त्या वेळी ती नोकरीवर आहे की नाही, यावर कायदा गप्प आहे.

यावर मालकपक्षाचं ठरलेलं उत्तर असतं: नगावरच्या मजुरीत ओव्हरटाइम मोजायचा कसा? हे उत्तर ऐकताना खरं वाटतं. पण १८व्या कलमाचा दुसराच भाग त्याला खोटं पाडतो. कारखान्यात नगावर काम करणाऱ्याचा ओव्हरटाइम कसा काढायचा, हे तिथे दिलेलं होतं: आधीच्या आठवड्यात ज्या दिवशी काम केलं त्या दिवसांच्या पूर्ण कमाईची रोजची सरासरी घ्या, तिच्यावरून वेळेचा दर काढा, तो दुप्पट करा. म्हणजे १९६६मध्ये सूत्र तयार होतं. घराच्या उंबरठ्यापाशी ते सोडून देण्यात आलं, एवढंच.

सोडून दिलेल्या वेळेत काय काय असतं, तेही पाहायला हवं. हात बसलेली बाई मधे चूल-पोरं सांभाळून दिवसाला आठशे-हजार बिड्या करते. पण मजुरी गुंडाळण्याची. पानं भिजवणं, निवडणं, कापणं यांचा वेळ त्या हजारातच धरलेला असतो. माल आणायला आणि द्यायला जाणं, माल तपासणाऱ्या चेकरपुढे रांगेत थांबणं, हेही त्यातच. पान खराब निघालं आणि मोजून दिलेल्या पानांत हजार भरले नाहीत, तर पदरचे पैसे घालून पान आणायचं. छाट झालेल्या बिड्यांच्या जागी नव्या करून द्यायच्या. मालाच्या नोंदीचं कार्ड एकीच्या नावावर आणि हात चौघांचे: सासू पान कापते, मुलगी शाळेतून आल्यावर तोंडं दुमडते. या सगळ्याला गावात कोणी ओव्हरटाइम म्हणत नाही. 'बसल्या बसल्या होते' असं म्हणतात. बाईच्या बसण्याला किंमत नसते, हे गृहीत इतकं जुनं आहे की कायदा करणाऱ्यांनाही ते वेगळं लिहावं लागलं नाही.

कारखानदारांनी १९६६च्या कायद्यालाही आव्हान दिलं. मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या नावाने गाजलेल्या खटल्यात, ज्यात महाराष्ट्रातल्या पेढ्याही होत्या, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९७४मध्ये कायदा उचलून धरला, छाटीची मर्यादाही. १९७७मध्ये भविष्य निर्वाह निधी बिडीला लागू झाला. घरकामगारांना तो द्यायचा का, यावर पी. एम. पटेल अँड सन्सचं प्रकरण १९८५पर्यंत चाललं आणि निकाल कामगारांच्या बाजूने लागला. माल नापास करण्याचा हक्क मालकाकडे आहे, म्हणजे कामावर ताबाही त्याचाच, असा त्या निकालाचा सरळ तर्क होता. १९७६च्या कायद्यांनी बिडीच्या धंद्यावर उपकर बसवून कल्याण निधी उभा केला. त्यातून ओळखपत्रं, दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या आल्या. भंडाऱ्यातल्या कितीतरी घरांत पहिला पदवीधर त्या शिष्यवृत्तीच्या आधाराने झाला. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर गेला.

म्हणजे रजा, प्रसूती, फंड, शिष्यवृत्ती हे सगळं उंबरठा ओलांडून आत आलं. आत आलं नाही ते घड्याळ.

इतर ठिकाणी लढे वेगळ्या वाटेने गेले. केरळात नवा कायदा लागू होताच मोठ्या पेढ्यांनी कारखाने बंद केले, तेव्हा कामगारांनी १९६९मध्ये कण्णूरला दिनेश बिडी ही सहकारी संस्था काढली आणि बिडी पुन्हा छताखाली आणली. तिथे हे तासांचे नियम आपोआप लागले. सोलापुरात कम्युनिस्ट कामगार संघटनेने बिडी बांधणाऱ्या बायकांसाठी कुंभारीला गोदूताई परुळेकर यांच्या नावाने हजारो घरांची वसाहत उभी करवून घेतली. घर हेच कारखाना असेल तर निदान ते पक्कं तरी असावं, असा तो व्यवहार होता. विदर्भात यांतलं दोन्ही मोठ्या प्रमाणावर घडलं नाही. इथे रोवणी-कापणीच्या हंगामात बाई शेतात जाते, उन्हाळ्यात घरचे तेंदूपत्ता तोडायला जातात, सत्तर पानांचं एकेक पुडकं बांधून फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, नेतात, आणि उरलेल्या दिवसांत बिडी. तीन मालक, तीन हंगाम. संघटना बांधायला एक दार लागतं, ते इथे कधी सापडलं नाही.

आता नवी संहिता. १९६६चा अधिनियम व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० हिच्यात विरून गेला आणि २१ नोव्हेंबर २०२५पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या. बिडीसाठी त्यात वेगळा भाग आहे, पण औद्योगिक जागेच्या व्याख्येतून राहतं घर तसंच वगळलेलं आहे. वेतन संहितेचं ओव्हरटाइमचं कलम उघडलं, तर १९४८चेच शब्द भेटतात: ज्याचं किमान वेतन तासावर, दिवसावर किंवा मोठ्या मुदतीवर ठरलं आहे त्याला दुप्पट दर. सामाजिक सुरक्षा संहितेने 'घरून काम करणाऱ्या कामगारा'ची व्याख्या मात्र प्रशस्त केली आहे. मालकाच्या जागेबाहेर, स्वतःच्या घरी किंवा पसंतीच्या जागी वस्तू किंवा सेवा तयार करणारा कोणीही तीत बसतो. व्याख्या मोठी आणि तास शून्य.

साकोलीच्या घरात लॅपटॉप उघडून पुण्याच्या कंपनीचं काम करणाऱ्या मुलामुलींना वाटेल, की आपला या बिडीपुराणाशी काय संबंध. त्यांचा पगार महिन्याचा, म्हणून कायद्याच्या भाषेत ते त्यांच्या आजीपेक्षा पुष्कळ सुरक्षित आहेत. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात दुप्पट ओव्हरटाइम आहे, तिमाहीला १२५ तासांची मर्यादा होती. ती १४४ करायला राज्य मंत्रिमंडळाने २०२५मध्ये मंजुरी दिली. पण रात्री साडेअकराला आलेला निरोप वाचून केलेलं काम कोणत्या रजिस्टरात चढतं? आणि ज्यांना फोटोमागे, पानामागे, कॉलमागे पैसे मिळतात, ते तर पुन्हा हजारीवरच आले. फक्त सूप बदललं.

तोडगे जगात आहेत, आणि ते काही फार अवघड नाहीत. अमेरिकेने १९३८च्या कायद्याने दीडपट ओव्हरटाइम दिला तो घरी काम करणाऱ्यांनाही. मालकाने प्रत्येक घरकामगाराला एक पुस्तिका द्यायची आणि तीत तास भरून घ्यायचे, हा नियम तिथे आजही आहे. शिवाय चाळिशीच्या दशकात कपड्यांसारख्या सात धंद्यांत घरी काम देणंच त्यांनी जवळजवळ बंद केलं होतं. ब्रिटनने २००४-०५मध्ये नगावरच्या कामासाठी वेगळी रीत घालून दिली: मालकाने सर्वसाधारण कामगारांची चाचणी घेऊन तासाला सरासरी किती नग होतात ते काढायचं, त्या आकड्याला १.२ने भागायचं, आणि जे येईल तेवढ्या नगांना एका तासाचं किमान वेतन द्यायचं. भागाकाराने सरासरीपेक्षा हळू हातही वाचतात.

हीच रीत बिडीला लावून पाहू. समजा चाचणीत तासाला शंभर बिड्यांची सरासरी आली. पानं कापण्याचा वेळ धरला तर ती आणखी कमी येईल, पण शंभरच धरू. १.२ने भागून त्र्याऐंशी. आठ तासांत साडेसहाशेच्या आसपास बिड्या. म्हणजे हजार करणारी बाई साडेतीनशे बिड्या जादा वेळेत करते, आणि कारखान्याचा नियम तिला लागला असता तर त्या साडेतीनशेंचा दर दुप्पट झाला असता. यासाठी कोणाच्या ओसरीत निरीक्षक पाठवायला नको, घड्याळ लावायला नको. कार्डावर रोजचा आकडा असतोच.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६मध्ये घरकामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला, तेव्हा इला भट्ट यांच्या सेवा संघटनेने, म्हणजे बिडी आणि शिवणकामासारखी कामं करणाऱ्या बायकांच्या अहमदाबादच्या संघटनेने, त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. त्यासोबतच्या शिफारशीत म्हटलं आहे, की काम पोचवण्याची मुदत अशी नसावी की घरकामगाराला इतरांसारखी रोजची आणि आठवड्याची विश्रांती मिळू नये. भारताने या कराराला अजून मान्यता दिलेली नाही. ती केव्हा द्यायची ते दिल्ली ठरवेल. पण बिडीचे किमान दर महाराष्ट्र सरकार ठरवतं, आणि पुढच्या वेळी ते दर ठरवताना हजार बिड्यांना किती तास लागतात याची एक प्रामाणिक चाचणी भंडाऱ्याच्या चार गावांत घेऊन तो आकडा अधिसूचनेत छापायला नव्या कायद्याची गरज नाही. कामगार खात्याने तेवढं करावं.